दोरा वेगळा की सुरी?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पानावर 'गटात न बसणारा शब्द ओळखा' हे कोडं असतं. परवाच्या कोड्यात चार शब्द होते : कात्री, सुई, दोरा, सुरी. तळाशी उलटं छापलेलं उत्तर होतं, 'दोरा. बाकीच्या तिन्ही वस्तू धातूच्या आहेत.' आमच्या नातीनं सुरीभोवती गोल केला होता. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "अगं आजी, बाकीचं सगळं शिवणाच्या डब्यात असतं. सुरी तिथं कशाला येईल?" मग तिनं पान उलटं धरून उत्तर वाचलं आणि निमूटपणे खोडरबर शोधायला लागली. मी तिला खोडू दिलं नाही. आता त्याची तक्रार आपल्याकडे करणं आलं.

सुरी हे उत्तर दोऱ्याइतकंच बरोबर आहे, एवढंच मला म्हणायचं आहे. पोर लहान आहे, चालवून घ्या, अशी माझी विनवणी नाही. हट्टालाच पेटायचं तर चारही शब्द एकेक करून गटाबाहेर काढता येतात. कात्री वेगळी, कारण दोन पात्यांची ती एकटीच. सुई वेगळी, कारण नेढं फक्त तिलाच. मग छापलेल्या उत्तराला 'उत्तर' हा मान कशामुळे मिळाला? कोडं रचणाऱ्याच्या डोक्यात ते आधी आलं म्हणून.

आजीबाईंना दुसरा उद्योग नाही, असं वाटण्याआधी सांगते की हा माझा आयुष्यभराचा धंदाच होता. मी स्पीच थेरपिस्ट होते, आता निवृत्त आहे. स्पीच थेरपिस्ट म्हटलं की लोकांना तोतरेपणा आठवतो. माझे बहुतेक रुग्ण मात्र पक्षाघाताचे असायचे. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की पुष्कळांना वाचाघात होतो, म्हणजे भाषाच हातची निसटते. त्यातल्या अनेकांची अवस्था अशी की वस्तू समोर दिसते, ओळखू येते, तिचं काय करायचं तेही पक्कं ठाऊक असतं, पण नाव काही केल्या ओठांवर येत नाही. आपल्यालाही अधूनमधून होतं तसं. फक्त त्यांना दिवसभर, आणि 'खुर्ची', 'किल्ली' असल्या शब्दांसाठी.

अशा माणसाला आम्ही चित्रं दाखवून नावं विचारतो. बोस्टन नेमिंग टेस्ट म्हणून एक प्रसिद्ध चाचणी आहे, 60 रेखाचित्रांची. सुरुवात पलंगानं होते आणि शेवट मणी सरकवून हिशेब करण्याच्या अबॅकसनं. मधला चढ हळूहळू अवघड होत जातो. चाचण्या करणाऱ्यांना एक गोष्ट लवकर कळते : एका चित्राला एकच नाव असतं हे गृहीत धरून चालत नाही, ते मोजून पाहावं लागतं. स्नॉडग्रास आणि व्हँडरवर्ट या दोघांनी 1980 मध्ये 260 चित्रांचा संच प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक चित्राला किती लोक एकच नाव देतात याचे आकडे दिले होते. काही चित्रांना जवळजवळ सगळे एकमुखानं नाव देतात, काहींच्या बाबतीत चांगल्या धडधाकट, शिकल्यासवरल्या माणसांतही फाटे फुटतात. आजारी माणसाचं उत्तर चूक ठरवण्याआधी निरोगी माणसं काय म्हणतात ते बघा, एवढी साधी सभ्यता त्यामागे आहे. मुलांच्या वाट्याला ती का येऊ नये?

रुग्णांची चुकलेली उत्तरंही पाहण्यासारखी असतात. काटा दाखवला तर माणूस 'चमचा' म्हणतो. खुर्चीला 'टेबल' म्हणतो. खुर्चीला 'ढग' म्हणणारा क्वचितच. शब्द हुकतो तोही आपल्याच आळीत हुकतो. यावरून एवढं तरी कळतं की नावं डोक्यात सुटीसुटी पडलेली नसतात, त्यांना शेजारपाजार असतो. पण शेजार कोणता? काटा आणि चमचा एकाच जातीचे, ते ठीक. सुई आणि दोरा तर एका जातीचे नाहीत, तरी एकीचं नाव काढलं की दुसरा हजर होतोच ना!

आमच्या उपचारात एक तक्ता असतो. मधोमध चित्र आणि भोवती सहा चौकटी. ही वस्तू कोणत्या गटातली? कशासाठी वापरतात? ती काय करते, किंवा तिचं काय करतात? दिसते कशी? कुठे सापडते? तिच्यावरून काय आठवतं? बॉइल आणि कोएल्हो यांनी 1995 मध्ये ही पद्धत वाचाघाताच्या उपचारात वापरून पाहिली, तेव्हापासून जगभर ती रुळली आहे. नाव आठवत नाही तर नावाच्या आसपासचं सगळं जागं करायचं, म्हणजे ते कुठल्या ना कुठल्या वाटेनं वर येतं, असा त्यामागचा विचार.

एक वायरमन माझ्याकडे यायचे. उजवा हात निकामी झालेला, बोलणं दोन-दोन शब्दांचं. त्यांच्यासमोर शिडीचं चित्र होतं. मी पहिल्या चौकटीवर बोट ठेवलं, "ही कोणत्या प्रकारची वस्तू?" त्यांनी मान हलवली. उपयोग विचारला तर डावा हात वर नेला, पुन्हा थोडा आणखी वर, आणि हवेतच काहीतरी पिळून बसवल्यासारखं केलं. बल्ब. वस्तू काय आहे ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, पण शब्द नाही. मग विचारलं, "कुठे ठेवता?" ते दरवाजाकडे बघायला लागले, माझ्या खोलीच्या दरवाजाकडे, पण बघत होते स्वतःच्या घरी. "जिना... जिन्याखाली... आडवी... शिडी." शेवटचा शब्द स्वच्छ निघाला. मग त्यांनी तो स्वतःशीच परत परत म्हणून घेतला, हातचा सुटू नये म्हणून.

'कोणत्या गटातली' या चौकटीनं त्यांना काही दिलं नाही, 'कुठे असते' या चौकटीनं शब्द दिला. दुसऱ्या कुणाला याच्या उलट होतं. सहा वाटांपैकी कोणती कुणाला उघडी सापडेल ते आधी सांगता येत नाही, म्हणून तर सहाही ठेवाव्या लागतात. आता माझी नात काय म्हणाली ते पाहा : 'शिवणाच्या डब्यात असतं.' पाचवी चौकट. ज्या वाटेनं आम्ही माणसांची वाचा परत आणायचा प्रयत्न करतो, त्या वाटेनं गेलेलं पोर आपल्या पुरवणीत चुकीचं ठरतं.

कोड्यावरचं हे भांडण जुनं आहे. अलेक्झांडर लुरिया या रशियन मानसशास्त्रज्ञानं 1931 आणि 1932 मध्ये मध्य आशियात, मुख्यतः उझबेकिस्तानात, जाऊन तिथल्या शेतकऱ्यांना अगदी असंच कोडं घातलं होतं. चित्रं चार : हातोडी, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका. यातलं कोणतं बाकीच्यांत बसत नाही? 'बरोबर' उत्तर अर्थातच ओंडका, कारण बाकीची तिन्ही अवजारं. निरक्षर शेतकऱ्यांना हे काही पटेना. चारही एकत्रच हवीत, करवत ओंडका कापील, कुऱ्हाड तो फोडील, यातलं काढायचं काय? एका माणसानं हातोडी, करवत आणि कुऱ्हाड एकसारख्या मानल्या आहेत, असं सांगून त्यांना डिवचलं, तर उत्तर आलं की त्या माणसाकडे लाकूड भरपूर असेल. आमच्याकडे नसलं तर नुसती अवजारं घेऊन आम्ही काय करणार?

मला हे उत्तर फार आवडतं. त्यात अडाणीपणाचा लवलेश नाही; कोडं घालणाऱ्याची टोपी उडवलेली आहे! थोडंफार शाळेत गेलेले लोक मात्र 'अवजारं' असा गट चटकन मान्य करत, असंही लुरियाला दिसलं, आणि त्यानं त्याचा अर्थ विचारशक्तीची वरची पायरी असा लावला. लुरियाबद्दल मला आदर आहे. मेंदूला इजा झालेल्या सैनिकांवर त्यानं पुढे जे काम केलं, त्यावर आमच्या शास्त्राचा मोठा भाग उभा आहे. पण इथं मी शेतकऱ्यांच्या बाजूनं. शाळेनं त्या शिकलेल्या लोकांना विचार करायला शिकवलं असेलही. त्याबरोबर तिनं परीक्षकाला काय हवं आहे ते ओळखायलाही शिकवलं, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

'जात' बघून केलेले गट पक्के आणि बाकीचे गट कच्चे, असा एक समज आपल्यात असतो. तो समजही तपासून पाहिला तर डळमळतो. एलिनॉर रॉश या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1975 मध्ये लोकांना 60 वस्तूंची नावं देऊन विचारलं की 'फर्निचर' या शब्दाचा नमुना म्हणून कोणती किती शोभते. खुर्ची आणि सोफा अव्वल आले, टेलिफोन तळाला गेला. म्हणजे गटाच्या आत सगळे सारखे नसतात. काही घरातले, काही उंबरठ्यावरचे. उंबरठ्यावरच्यांची तर आणखी गंमत. मॅक्लॉस्की आणि ग्लुक्सबर्ग यांनी 1978 मध्ये 'हे त्या गटात बसतं का' असे हो-नाही प्रश्न विचारले, आणि महिनाभरानं त्याच लोकांना पुन्हा विचारले. खुर्ची फर्निचर आहे यावर कुणी डगमगलं नाही. पुस्तकं आडवी पडू नयेत म्हणून कडेला लावतात तो टेकू फर्निचर की नाही, यावर लोकांत दुफळी होती, आणि अशा प्रश्नांत पुष्कळांचं स्वतःशीही एकमत नव्हतं. आधी हो म्हणालेले आता नाही म्हणत होते. पक्षाघाताला रोग म्हणायचं का, हाही त्यातलाच एक कुंपणावरचा प्रश्न होता. (माझ्या रुग्णांच्या घरच्यांमध्ये यावर वाद झालेले मी ऐकले आहेत, त्यामुळे नवल वाटलं नाही.)

नावांचंही तेच. विल्यम लेबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञानं 1973 मध्ये कपांची रेखाचित्रं काढली : एक नेहमीचा कप, मग त्याहून थोडा पसरट, मग आणखी पसरट, काही उंच. प्रत्येकाला नाव द्यायला सांगितलं. कुठल्या रुंदीला कप संपतो आणि वाडगा सुरू होतो, अशी रेघ काही सापडली नाही. 'कप' म्हणणारे हळूहळू कमी आणि 'वाडगा' म्हणणारे हळूहळू जास्त होत गेले. मग त्यानं तीच चित्रं दाखवून सांगितलं, समजा यातून कुणी कॉफी पितंय; समजा यात खायचा पदार्थ वाढलाय; समजा यात फुलं ठेवलीत. चित्रात एका रेघेचाही फरक केलेला नव्हता. तरी पदार्थ वाढला म्हटल्याबरोबर त्याच भांड्याला वाडगा म्हणणारे वाढले, फुलं म्हटल्यावर उंच भांड्यांची फुलदाणी झाली. वस्तू तीच, पण आत काय आहे आणि हातात घेऊन काय करायचं आहे ते बदललं की नाव सरकतं. मग 'हे काय आहे?' अशा नुसत्या चित्राला एकच उत्तर कसं मागायचं?

रॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली, ती मी नवीन विद्यार्थ्यांना नेहमी सांगायची. एकाच वस्तूला आपण 'फर्निचर' म्हणू शकतो, 'खुर्ची' म्हणू शकतो किंवा 'आरामखुर्ची' म्हणू शकतो. बोलताना बहुधा मधलं नाव तोंडात येतं, आणि मुलंही तेच आधी शिकतात. कारण सरळ आहे. खुर्ची म्हटलं की एक आकार डोळ्यांसमोर येतो आणि अंगाला एक हालचाल आठवते : गुडघे वाकवून टेकायचं. फर्निचर म्हटल्यावर डोळ्यांसमोर कसला आकार येणार, आणि अंगानं करायचं काय? 'सगळं फर्निचर कसं वापरतात ते करून दाखवा' म्हटलं तर माणूस नुसता उभा राहील. त्या पातळीवरचे गट, म्हणजे अवजारं, फर्निचर, धातूच्या वस्तू, हे मुळात हाताला आणि डोळ्याला न लागणारे गट आहेत. सोयीचे आहेत, शिकावे लागतात, शिकवावेतही. पण मुलाच्या डोक्यात ते आधीपासून तयार असतील आणि तिथून तो उत्तर काढील, ही अपेक्षा वस्तुस्थितीला धरून नाही. मेंदू त्या रेषा पाळतोच असंही नाही. वॉरिंग्टन आणि शॅलिस यांनी 1984 मध्ये काही रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात 'जे.बी.आर.' या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा एक तरुण होता. मेंदूच्या संसर्गातून उठलेला. ब्रीफकेस म्हणजे काय ते तो व्यवस्थित सांगायचा. पोपट म्हणजे काय, तर माहीत नाही. सजीव गेले, वस्तू राहिल्या, असं म्हणावं तर वस्तूंपैकी वाद्यंही त्याच्याकडून निसटलेली होती, आणि शरीराचे अवयव मात्र शाबूत होते. कोड्याच्या पुस्तकातली कुठलीच विभागणी त्याच्या मेंदूनं मानली नव्हती.

आणि काही गट तर कुणी शिकवतच नाही, गरज पडली की उभे राहतात. लॉरेन्स बार्सलू यांनी 1983 मध्ये अशा तात्पुरत्या गटांवर लिहिलं. घराला आग लागली तर बाहेर काय काय न्यायचं? मुलं, कुत्रा, दागिने, कागदपत्रं, फोटो. जात बघाल तर यांचा एकमेकांशी संबंध नाही. पण प्रश्न विचारताक्षणी गट तयार होतो, आणि त्यातही काही अव्वल असतात, काही उंबरठ्यावरचे. मुलं, कुत्रा, दागिने, कपाट यातलं वेगळं कोणतं, असं कोडं घातलं तर? कपाट. घेऊन पळता येत नाही.

आता मुलांपुरतं. एलन मार्कमन आणि जीन हचिन्सन यांचा 1984 चा प्रयोग कोडी रचणाऱ्यांनी जरूर समजून घ्यावा. छोट्या मुलांना एक चित्र दाखवून 'याच्यासारखं दुसरं शोध' म्हटलं की ती पुष्कळदा सोबतीची वस्तू उचलतात : गायीच्या चित्रासाठी, डुक्कर आणि दूध यांतलं दूध. पण त्याच चित्राला एखादं बनवलेलं, कधी न ऐकलेलं नाव देऊन 'असं आणखी एक शोध' म्हटलं, की तीच मुलं जातीकडे वळतात आणि डुक्कर उचलण्याचं प्रमाण वाढतं. म्हणजे जात काय आणि सोबत काय, हे दोन्ही त्या वयातही कळतं. कोणतं लागू करायचं ते प्रश्नाच्या शब्दांवरून ठरवतात. आपल्या कोड्यात 'गटात न बसणारा' एवढंच लिहिलेलं असतं. कुठला गट, ते लिहिलेलंच नसतं. शिवणाचा डबा हा गट नाही, असं कोणत्या शब्दात म्हटलं आहे?

हा सगळा शब्दांचा कीस वाटेल, पण वस्तूवर एकच शिक्का मारून ठेवण्याची किंमत मोठ्यांनाही मोजावी लागते. कार्ल डुंकर यांचा मेणबत्तीचा प्रयोग मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. टेबलावर मेणबत्ती, काड्या आणि टाचण्यांनी भरलेली खोकी. मेणबत्ती भिंतीवर लावून दाखवा. युक्ती अशी की टाचण्या ओतून टाकायच्या, खोकं भिंतीला टाचायचं आणि त्यावर मेणबत्ती उभी करायची. पुष्कळांना हे सुचत नाही, कारण खोकं त्यांना 'टाचण्या ठेवायची वस्तू' म्हणूनच दिसतं. तेच खोकं रिकामं दिलं तर जास्त लोकांना सुचतं. ग्लुक्सबर्ग आणि वाइसबर्ग यांनी 1966 मध्ये नुसती नावांची चिठ्ठी लावून पाहिली : टाचण्यांना 'टाचण्या', खोक्याला 'खोकं'. तेवढ्यानंही लोकांना मदत झाली. आणि जर्मन व डिफायटर या आडनावांच्या दोन संशोधकांना 2000 मध्ये असं आढळलं की अशा कोड्यात पाच वर्षांची मुलं सहा-सात वर्षांच्या मुलांसारखी अडकत नाहीत. वस्तूचा नेहमीचा उपयोग दाखवला काय, न दाखवला काय, त्यांना फरक पडत नाही. शिक्का अजून वाळलेला नसतो. तो वाळवायची घाई आपण रविवारच्या पानावर का करावी, हे मला कळत नाही.

कुणी म्हणेल, बाई, प्रत्येक गोष्टीला चार उत्तरं चालवली तर व्यवहार कसा चालायचा? रास्त आहे. काही ठिकाणी एकच उत्तर लागतंच. आयात मालावर जकात बसवायची तर प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या एकाच खान्यात घालावी लागते, आणि त्यासाठी 1988 पासून जगभर एक सामाईक वर्गीकरण चालतं. पण ते करणाऱ्यांचा प्रामाणिकपणा बघा. वस्तू दोन खान्यांत बसू शकते हे त्यांच्या नियमांतच लिहिलेलं आहे. आधी जास्त नेमकं वर्णन बघा. त्यानं निकाल लागला नाही तर वस्तूचं मूळ स्वरूप कशामुळे ठरतं ते बघा. तेही जमलं नाही, तर लागू होणाऱ्या खान्यांपैकी ज्याचा क्रमांक सगळ्यात शेवटी येतो त्यात टाका आणि मोकळे व्हा! म्हणजे शेवटचा निवाडा वस्तू करत नाही, क्रमांक करतो, आणि ते तसं सांगतात. बाह्या लावलेलं पांघरूण हे कपडा की पांघरूण, यावर अमेरिकेत 2017 मध्ये कोर्टात निकाल लागला आहे. सरकार म्हणत होतं कपडा, कंपनी म्हणत होती पांघरूण, जकातीचा दर दोन्हींचा वेगळा. न्यायालयानं कारणं देऊन पांघरूण ठरवलं. मुद्दा एवढाच की तिथं कारणं द्यावी लागली. आपल्या कोड्याला मात्र एका ओळीत उलट्या अक्षरात निकाल देऊन चालतो.

परीक्षेत असंच विचारतात, त्याची तयारी व्हायला नको का, असंही पालक म्हणतील. व्हावी की. परीक्षकाच्या मनातलं ओळखणं हेही एक कौशल्य आहे, आणि ते तसं सांगून शिकवावं : 'कोडं घालणाऱ्यानं बहुधा काय धरलं असेल?' हा प्रश्न मुलाला विचारला तर तो खुशाल 'दोरा' म्हणेल, आणि स्वतःचं सुरीचं उत्तरही राखून ठेवील. त्याला खोडरबर लागणार नाही.

तेव्हा विनंती अशी. कोड्याखाली 'कारण लिहा' एवढे दोन शब्द आणि एक रिकामी ओळ द्यावी. उत्तर छापायचंच तर एकाऐवजी दोन-तीन उत्तरं कारणांसकट छापावीत, आणि मुलांकडून आलेलं एखादं न सुचलेलं कारण पुढच्या रविवारी त्याच चौकटीत द्यावं. कारण न देता नुसता शब्द पाठवणाऱ्याला बक्षीस नको. जागेची अडचण असेल तर कोड्याशेजारी चष्मा लावलेलं घुबड दर आठवड्याला छापता, ते काढावं. त्याच्या जागेत चार ओळी आरामात बसतात.

नमुना म्हणून एक कोडं सोबत देत आहे : बादली, छत्री, टोपी, पेला. वेगळं कोणतं आणि का? उत्तर मी मुद्दामच पाठवत नाही.

आपली,
एक निवृत्त स्पीच थेरपिस्ट